छत्रीखालची चूल

आम्ही लकडगंजात राहत होतो तेव्हा एका मे महिन्यात मोठं वादळ झालं. आमच्या घराला स्लॅब होता, त्यामुळे काही बिघडलं नाही. समोरच्या घराचे टिन मात्र उडून गेले. तिथे नवं बिऱ्हाड आलं होतं. त्या बाईचं नावही मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती उघड्या घरात, भर उन्हात स्वयंपाक करू लागली. नवरा तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा राही. भाकरीचा पहिला तुकडा ती फुंकर घालून त्याच्या तोंडात देई आणि दोघं कशावर तरी हसत. त्या वेळी माझे यजमान ट्रान्झिस्टर कानाशी धरून नुसतं ‘चहा’ म्हणत. खिडकीतून पाहताना माझा जळफळाट होई.

आमच्याकडे एक ताडपत्री पडून होती. ती द्यायला मी चार दिवस लावले. शेवटी माझीच मला लाज वाटली आणि ती घेऊन मी समोर गेले.

“एवढ्या उन्हात कशी राहिलीस गं?” मी विचारलं.

पदरानं घाम पुसत ती म्हणाली, “का सांगू बाई! लग्नाले सहा वर्सं झाली, पण हे इतके बोलतात, हे मले आत्ता समजून राहिलं.”

माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती.

“बांधून घ्या लवकर,” एवढंच म्हणून मी मागे फिरले.