लाइलने दिलेलं मत

आमच्या रसीन गावात लाइल होडोर्स्कीइतका जळका माणूस नसेल. मी त्याची शेजारीण, मला खिडकीतूनच सगळं कळतं. हा ट्रॅक्टरच्या कारखान्यात कामाला, आणि शनिवारी मित्र गार्थबरोबर गॅरेजमध्ये गिटार बडवायचा. एक गाणं दोघांनी टेपही केलं. मग पुढे कोणी उभं राहायचं यावरून भांडून लाइल बाहेर पडला आणि एकोणऐंशीच्या वसंतात गार्थने त्याच गाण्याची तबकडी एकट्याच्या नावावर काढली.

आमच्या रेडिओवर रोज सहाला नवी तबकडी वाजते आणि लोक फोन करून ‘ठेवा’ किंवा ‘फोडा’ सांगतात. फोडा जास्त झाले, की निवेदक हातोडा घालतो आणि ते गाणं पुन्हा लागत नाही. गार्थची तबकडी वाजली त्या दिवशी मतं सारखी झाली, आणि शेवटचा फोन लागला लाइलचा, तोही खोट्या नावाने. त्याचा आवाज रेडिओतून आणि खिडकीतून एकदमच ऐकू आला.

“मी मिल्वॉकीचा फ्रँक. फोडा ते! गाणाऱ्याचा गळा म्हणजे गंजलेलं फाटक.”

“खरंय, फ्रँकभाऊ,” निवेदक म्हणाला, “आणि मागे वरच्या पट्टीत ऊ-ऊ करतोय, त्याच्या शेपटीवर कोणी पाय दिला?”

“ए, तोंड सांभाळ! त्या ऊ-ऊसाठी आम्ही एकवीस वेळा टेप फिरवलीय!”

“आम्ही?”

मी भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली.

“बोला फ्रँकभाऊ, हातोडा उचलू?”

“ठेवा,” दाढ उपटल्यासारखा तो म्हणाला. “पण गार्थसाठी नाही, हे सांगा सगळ्यांना.”