परसातला बर्फ

ओरेस्ट बायडाक कशाला घाबरतो, असं सेल्कर्क गावात कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. पोलादाच्या भट्टीसमोर हयात घालवलेला गडी. निवृत्तीनंतर त्याला एकच नाद उरला होता. कडाक्याची थंडी पडली की घरामागच्या परसात चहूबाजूंनी फळ्या उभ्या करायच्या, नळीने पाणी सोडायचं, थरावर थर गोठवायचे आणि आळीतल्या पोरांना मोकळं रान द्यायचं. पोरं स्केट्स बांधून हॉकी खेळायची आणि त्याची बायको लेस्या त्यांना बीटचं गरम सूप पाजायची.

या हिवाळ्यात मात्र कॉफीच्या दुकानात त्याचा जुना दोस्त वॉल्टर एक बातमी घेऊन आला. कुठल्याशा गावात एकाच्या परसातल्या अशाच बर्फावर पोरगा पडला, त्याची मान दुखावली. कोर्टाने ठरवलं, पोरांना ज्याने खेळायला बोलावलं, जबाबदारी त्याचीच.

"घर विकावं लागलं बिचाऱ्याला," वॉल्टर म्हणाला. "तुझ्याकडे तर अर्धं गाव येऊन आपटतं."

"माझ्यावर कोण केस करतंय? सगळे शेजारीच तर आहेत."

"त्याचेही शेजारीच होते."

झालं. ओरेस्टची झोप उडाली. कुणी पोर आपटलं की हा खिडकीशी धावायचा. शेजारच्या गथ्रींची मार्नी तर दर दोन मिनिटांनी पडायची आणि खिदळत उठायची. ओरेस्टला तिच्यामागे वकील उभा दिसायचा. शेवटी एका सकाळी त्याने पहार घेऊन सगळा बर्फ फोडला, फळ्या उपटल्या.

"आजोबा, का हो फोडलं?" मार्नीने कुंपणावरून विचारलं.

"गुडघे कुरकुरतात गं आता."

ती गेल्यावर लेस्या फणकारली, "गुडघे म्हणे. तिच्या आईबापाला भितोस, ते सांग की."

परस गप्प झालं. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. घर शाबूत होतं, झोपही लागायला लागली.

मग एका दुपारी फळ्या रचताना त्याला हॉकीच्या काठ्यांचा खटखटाट ऐकू आला. लांबून, नदीकडून. त्याच्या हातातली फळी गळाली. नदी वरून घट्ट गोठलेली दिसायची. पण गावाचं कोमट सांडपाणी मिळतं तिथे बर्फ पापडासारखा असतो, हे त्याला ठाऊक होतं. पोरांना कुणी सांगितलं असणार?

तो कोट न घालताच शिडी उचलून धावला. काठावर तीन पोरं रडत होती. मार्नी छातीपर्यंत पाण्यात, बर्फाची कड धरून. ओरेस्टने शिडी आडवी टाकली आणि शिडीवर पालथा पडून सरपटत निघाला. पोटाखाली बर्फ करकरत होता. आयुष्यात इतका तो कधी भ्याला नव्हता.

"हलू नकोस, बाळा. शिडी धर. घट्ट."

काठावर आणून त्याने तिला स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळलं.

"तुमचं बंद झालं ना," ती कुडकुडत म्हणाली, "म्हणून इकडे आलो."

संध्याकाळी मार्नीचा बाप येऊन हात जोडून गेला. त्याने कसलाच दोष दिला नाही. कोर्टानेही दिला नसता. नदी काही ओरेस्टची नव्हती. या विचाराने त्याला जेवण गेलं नाही.

तो उठला आणि तळघरातून नळी ओढत परसात आला.

"आणि घर गेलं तर?" लेस्याने दारातून विचारलं.

"भीती वाटते खरी," ओरेस्ट म्हणाला. "तू नळ सोड."