बंद चर्चमधला आवाज

“आता ऐका,” पाळकसाहेबांनी माझा दंड घट्ट धरला.

दुपारचे तीन. अकोल्याचा मे महिना, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चर्चमध्ये आम्ही दोघंच, दाराला आतून कडी. वेदीजवळच्या स्पीकरमधून आधी कुणाचा तरी श्वास ऐकू आला. मग कुजबुज. “मार्था.” थोडं थांबून, “शांतवन.” पुन्हा शांतता. कुणी ओ देतंय का, याची वाट पाहिल्यासारखी.

“हे सगळे मेलेले आहेत,” पाळकसाहेब म्हणाले. “मी मृतांचं रजिस्टर पाहिलं.”

जठारपेठेत माझं साउंड सिस्टिमचं दुकान आहे. भूतबित मी मानत नाही. तरी अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला बोलू?

सुनील पाळक तरुण, अमरावतीहून नुकतेच आलेले. या आवाजाच्या धास्तीनं मंडळीतले लोक चर्चमध्ये यायचे बंद होत होते. त्यांचा संशय योहानकाकांवर. काका चर्चचे म्हातारे सेवक, मागच्या खोलीत एकटेच राहायचे.

“जुन्या पाळकांचा माणूस आहे तो. मला पळवून लावायचंय त्याला. तुम्ही तसं लिहून द्या, उद्याच खोली रिकामी करायला लावतो.”

“आधी पाहू तर द्या,” मी म्हणालो. काकांना जायला दुसरं घर नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

सगळ्या वायरी तपासल्या. ठीक. कॉलर माइकला खिशात ठेवायची एक डबी असते, ट्रान्समीटर. ती आवाज हवेतून रिसीव्हरकडे पाठवते. दोघांची फ्रिक्वेन्सी एकच लागते. नवी डबी माझ्यासमोर बंद करून ठेवलेली होती. तरी रिसीव्हरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हणजे दुसरी डबी कुठेतरी चालू होती.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथला जुना सेटही मीच बसवलेला. तो भंगारात गेला असेल असं धरून नव्याला मी तीच फ्रिक्वेन्सी दिली होती. गाढवपणा माझा.

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. काका पाठमोरे बसलेले, सदऱ्याला जुना माइक. हाक मारली, पण त्यांना ऐकू कमी येतं.

“आता सुनील पाळक,” काका पुटपुटले. पाळकसाहेब उंबऱ्यातच थिजले. “देवा, लेकरू लई घाबरून राहिलं. मले काढलं तं काढू दे, पन त्याले एकटं पाडू नको.”

मी खांद्याला हात लावला. काका दचकले.

“माइक काहून लावला, काका?” मी ओरडून विचारलं.

“जुन्या साहेबानं देल्ला. दुखण्यात पडल्या पडल्या ते याच्यातच साऱ्यायची नावं घेत. म्हने, योहाना, माह्यामागं एकबी नाव सोडू नको. सेल बदलत जाय. तं मी बदलतो. आता वाजत नसंन हे.”

“पण मेलेल्यांची नावं?”

“मेले म्हून का मंडळीतून गेले?”

 पाळकसाहेब काकांच्या शेजारी जमिनीवर बसले. थोड्या वेळानं त्यांनी मोठ्यानं विचारलं, “अजून किती राहिली, काका?”

“लई हायेत.”

“मग घ्या. मी बसतो.”

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, दोष इन्स्टॉलेशनचा. तेव्हापासून एक नियम पाळतो. जुना सेट भंगारात गेला असं कधीच धरायचं नाही. एखादा माणूस इमानानं त्याचे सेल बदलत बसलेला असतो.