सुरतेच्या बागेतली ओल

आमचं स्वतःचं म्हणावं असं एकही झाड नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, कोरीट गावाजवळच्या एका गुजर शेतकऱ्याच्या केळीला पाणी भरायचे. वर्षातले आठ महिने पाय चिखलात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडायच्या, आई त्यात कोमट एरंडेल सोडायची आणि स्वतः कापूस वेचायला निघायची. त्या मजुरीवर मी बी.ए. झालो. घराण्यातला पहिला. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगत असे.

पुढे नंदुरबारला मास्तर झालो आणि बागप्रेमी मंडळाचा सेक्रेटरीही. मंडळाला गावात एक मोकळी जागा वर्षाच्या बोलीवर मिळाली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी झाडं उभी दिसली नाहीत, तर जागा परत. आम्ही सात कलमी आंबे लावले. भरपूर पाणी द्यावे, असं पुस्तकात होतं. मी ते खोडाशीच ओतायला लावी आणि आबा मुकाट्यानं घागरी रिकाम्या करत. मे उजाडेपर्यंत पाच कलमं गेली. उरलेली दोन जगवायची कशी, हे बघायला सुरतेची मोठी सार्वजनिक बाग पाहून यायचं ठरलं.

आयत्या वेळी मंडळातल्या डॉक्टरांना पेशंट आला. त्यांचं तिकीट वाया जाऊ नये म्हणून मी आबांना घेतलं. खरं कारण तेवढंच होतं.

पहाटेची गाडी. नवापूरपर्यंत सागाचे उघडे डोंगर, पुढे हळूहळू हिरवं. मंडळातल्याच पोस्टमास्तरांनी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "बागाईत." कुणाची, ते सांगितलं नाही. आबा खिडकीबाहेर बघत होते. व्याऱ्याला शिदोरी सुटली. आमची कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा पोस्टमास्तरांनी मागून घेतला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ला.

बागेच्या फाटकाशी आबांनी चपला काढल्या.

"आबा, घाला. ऊन केवढं आहे!"

"बागमा चप्पल घालीसन कोनी जास का?" (बागेत चप्पल घालून कोणी जातं का?)

केळीच्या मळ्यात तशीच रीत होती, मला माहीत होती. पण पोस्टमास्तर हसले. "सेक्रेटरी, वडिलांना सांगा, बाग आहे, देऊळ नाही!" सगळे हसले. मीही हसलो.

आत वडांची गर्द सावली, कारंजं, रांगेनं गुलाब. मी वहीत झाडांची नावं उतरवत होतो. तेवढ्यात माळ्याची आरोळी आली, "ए काका, क्यारामांथी बहार नीकळो!" (वाफ्यातून बाहेर निघा!) आबा आंब्यांच्या वाफ्यात शिरले होते. डोळे मिटल्यासारखे करून, पाऊल दाबत, एका कलमाभोवती फिरत होते. मंडळी बघायला लागली. मी एका पत्र्याच्या पाटीवरचं नाव वाचत राहिलो. ते नाव आजही आठवत नाही.

आबा मात्र माळ्याशी गुजरातीत बोलू लागले. मळेवाल्यांच्या घरी तीच भाषा, आबांनी ती तिथंच उचलली होती.

"भाई, पाणी थडे केम नथी नाखता?" (पाणी खोडाशी का घालत नाही?)

"थडे नाखीए तो थड कोही जाय, काका." (खोडच कुजतं.) माळ्याचा आवाज एकदम उतरला. त्यानं खोडाभोवतीची मातीची उंच भर दाखवली आणि तिच्याबाहेरचं गोल आळं. पाणी तिथं.

आबांनी मला हाक मारली. "सुकलाल, जोडा काढ. आठे पाय ठेव." (इथं पाय ठेव.)

सगळ्यांसमोर मी बूट काढले, मोजे काढले. खोडाशी माती कोरडी, चटका देणारी. दोन वितींवर पायाला गार ओल.

"आबा, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"तू पुस्तकमा दखीसन सांगे. मी काय बोलू?" (तू पुस्तकात बघून सांगायचास.)

पोस्टमास्तर जवळ येऊन म्हणाले, "काय म्हणताहेत?"

पाटी वाचण्याची वेळ आता गेली होती. मी म्हणालो, "आपली पाच कलमं मी मारली, असं यांनी म्हणायला हवं. ते म्हणत नाहीत. यांनी तीस वर्षं दुसऱ्याच्या केळीला पाणी भरलंय."

कुणी हसलं नाही. पोस्टमास्तरांनी आधी एक, मग दुसरा बूट काढला आणि वाफ्यात पाय ठेवून म्हणाले, "अरे, खरंच की!"

परतताना फाटकाशी आबांच्या चपला नव्हत्या. पोस्टमास्तर कुंपणापर्यंत वाकून वाकून शोधून आले. मिळाल्या नाहीत. स्टेशनबाहेर खमण (डाळीचा वाफवलेला पदार्थ) खाल्लं आणि गाडी धरली. माझे बूट आबांना लहान झाले. ते अनवाणीच बसले, पाय समोरच्या बाकावर टाकून. त्या पायांकडे इतका वेळ मी कधी बघितलं नव्हतं. ज्या पायांनी मला कॉलेजात पाठवलं, त्यांना काही विचारावं, हे कॉलेजात गेल्यावर मी विसरलो होतो.

"दोन शेतस ना आजून," आबा म्हणाले. (दोन आहेत ना अजून.)

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही कलमांची आळी मोडून नवी केली. घागरी मी वाहिल्या.

ती दोन्ही कलमं जगली, जागा मंडळाकडेच राहिली आणि आबा मंडळाचे सभासद झाले.