शायब्लेंचे तेवीस घाट

गेबहार्टराव शायब्ले यांना आल्प्सचे तेवीस घाट तोंडपाठ होते. कुठल्या घाटाला किती वळणं, चढ किती टक्के, बर्फ कधी वितळतो, वर पोचल्यावर गाडी लावायला जागा उजवीकडे की डावीकडे, सगळं. स्टेल्व्हिओची अठ्ठेचाळीस वळणं तर ते आंघोळ करता करता मोजायचे. यातला एकही घाट त्यांनी चढलेला नव्हता. हे त्यांच्या गावात, जर्मनीतल्या एबिंगनमध्ये, सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांच्यासमोर कोणी विषय काढत नसे.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे तसं वाटेल. चाळीस वर्षं ते वजनकाट्यांच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीला होते. दुसऱ्याने केलेला काटा समोर यायचा आणि हे त्यात चूक काढायचे. चूक सापडली नाही की जेवण गोड लागत नसे. निवृत्तीनंतर काटे थांबले, पण खोड थांबली नाही. ती त्यांच्याबरोबर घरी आली आणि गॅरेजात मुक्कामाला राहिली.

गॅरेजात त्यांची गाडी होती. अठ्ठ्याऐंशी सालची, मागे दोघांना झोपायची फळी, दोन शेगड्यांचा ओटा, वर उघडणारं छप्पर. नाव आमाली. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ती घेतली ती आल्प्सच्या सहलीसाठीच. दर हिवाळ्यात सहल आखली जायची, दर वसंतात आमाली उघडून पुन्हा जोडली जायची आणि दर उन्हाळ्यात काहीतरी शंभर टक्के झालेलं नसायचं. एका वर्षी ब्रेकची नळी, एका वर्षी छपराचं रबर, एका वर्षी नुसताच कसलातरी आवाज, जो गेबहार्टरावांखेरीज कोणालाच ऐकू आला नाही. रविवारी आमालीला खाणीपर्यंत नेऊन परत आणत, तिची छाती मोकळी व्हावी म्हणून. सरकारी तपासणीच्या इंजिनिअरने एकदा कागद बघून म्हटलं होतं, "शायब्लेसाहेब, दोन वर्षांत दोनशे चौदा किलोमीटर. तुमचे टायर बदलायला लागणार. झिजले नाहीत, म्हातारे होऊन गेले."

गेबहार्टरावांनी टायर बदलले आणि तारीख फाइलमध्ये लिहून ठेवली.

ही फाइल म्हणजे त्यांचा खरा प्रवास. त्यात प्रत्येक दिवसाचं पान होतं, प्लॅस्टिकच्या आवरणात, पाऊस आला तरी भिजू नये म्हणून. चौदा दिवसांचं जेवण ठरलेलं: सोमवारी मसूर, मंगळवारी खिमा भरलेले माउलटाशे, बुधवारी पुन्हा मसूर. वजनाचा वेगळा तक्ता होता. गाडीत जाणारी प्रत्येक वस्तू त्यांनी स्वतःच्या हाताने काट्यावर ठेवली होती. टॉर्च, उशी, बटाटे सोलायची सुरी. एका ओळीत लिहिलं होतं: "रो., पुढचं उजवं आसन, ७१.४, चपलांसह."

रो. म्हणजे त्यांची बायको रोसविता. तो आकडा तिने एकदा वाचला, फाइल मिटली आणि दोन दिवस त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलली.

आता गंमत अशी की त्या घरात घाटाचा रस्ता कोणाला कळत असेल तर तो रोसविताला. सव्वीस वर्षं तिने जिल्ह्याच्या फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली होती. पाठीशी चार हजार पुस्तकं घेऊन, जानेवारीच्या बर्फात, दूध नेणारी गाडीसुद्धा मागे फिरायची अशा वाड्यांवर ती वेळेवर पोचायची. पण आमालीच्या चाकावर गेबहार्टरावांनी तिला कधी बसू दिलं नाही. "दुसरा गिअर हाताला जाणवावा लागतो," ते म्हणायचे. "ते शिकवून येत नाही."

मार्चमध्ये ओटिली गेली. ती वाचनालयाच्या गाडीतली रोसविताची जोडीदारीण, पुस्तकांची नोंद ठेवणारी. तिच्या बहिणीबरोबर कपाट आवरायला रोसविता गेली तेव्हा खालच्या खणात डोंगरात चालायचे नवेकोरे बूट निघाले. तळाला किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली. रोसविता घरी आली, कोट न काढता गॅरेजात गेली आणि गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांना म्हणाली, "गेबहार्ट, या उन्हाळ्यात. नाहीतर परत माझ्यासमोर ती फाइल उघडायची नाही."

"छपराची उजवी कडी—"

"या उन्हाळ्यात."

तिला रडू येत होतं आणि तिने ते लपवलं नाही. गेबहार्टराव गाडीखालून बाहेर आले. तारीख ठरली: जुलैचा दुसरा शनिवार, सकाळी सहा चाळीस. आणि नवल म्हणजे या वेळी सगळं झालं. कडी बसली, ब्रेक लागले, टायर तरुण होते. जूनअखेरीस गेबहार्टरावांनी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली आणि त्यांना चूक सापडली नाही. त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

चूक फाइलमध्ये नव्हती, कारण ती जिन्यात टांगलेली होती.

इमारतीत सहा बिऱ्हाडं. जिना, तळघर आणि रस्त्याकडची फरसबंदी झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते. पाळी आली की दारावर लाकडी पाटी येते आणि ती पाटी दारावर असताना या श्वाबिया भागातला माणूस आजारी पडायलाही कचरतो. कोणाचा आठवडा कुठला, याचा तक्ता तळमजल्यावर लावलेला होता. पुढच्या पाच वर्षांचा, प्लॅस्टिकच्या आवरणात, खाली सही: गे. शायब्ले. स्वतःच्या हाताने केलेले हे दोन तक्ते, सहलीचा आणि पाळ्यांचा, त्यांनी एकदाही शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. निघायच्या आदल्या सोमवारी कचऱ्याचा डबा रिकामा करायला खाली गेले आणि तिथेच उभे राहिले. सहलीचा पहिला आठवडा शायब्लेंच्या पाळीचा होता.

रोसविताने ऐकलं आणि ती हसली. "एवढंच ना? बदलून घेऊ. पुढची पाळी हेगेलेबाईंची आहे, त्यांना विचार."

विचारायला गेबहार्टरावांना तोंड नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या हेगेलेबाईंनी काही वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नासाठी पाळी बदलून मागितली होती. तेव्हा गेबहार्टरावांनी टाइप केलेली नोटीस जिन्यात लावली होती. "पाळ्यांची अदलाबदल होऊ लागल्यास तक्त्याला अर्थ उरत नाही." बाईंनी ती काढून नेली आणि स्वतःच्या दाराला आतून लावली. आल्यागेल्याला दाखवायच्या.

"तक्ता मी केलाय," ते म्हणाले. "मीच मोडला तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, शायब्ले एकदाचे गेले."

"सप्टेंबरमध्ये निघता येईल. तेव्हा गर्दीही कमी असते."

"सप्टेंबरमध्ये वर बर्फ पडतो. तुझ्याच फाइलमध्ये लिहिलंय."

खरं सांगायचं तर तक्ता पाहून गेबहार्टरावांना आधी हायसं वाटलं होतं. त्यांना भीती वाटायची. गाडी एखाद्या वळणावर बंद पडेल, मागे वीस गाड्या हॉर्न वाजवतील आणि काय करायचं ते त्यांना सुचणार नाही, तेही रोसवितासमोर. कागदावर ते कधी अडले नव्हते. हे त्यांनी तिला अकरा वर्षांत सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही. ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

"मग मी विचारते," रोसविता म्हणाली आणि वर गेली.

दीड तास झाला तरी खाली येईना. आली तेव्हा गाल लाल होते आणि अंगाला आलुबुखाराच्या दारूचा वास होता.

"काय म्हणाल्या?"

"पाळी बदलायला तयार नाहीत. तक्त्याला अर्थ उरत नाही म्हणाल्या."

"बघ," गेबहार्टराव म्हणाले. त्यांना हेगेलेबाईंबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

"पण यायला तयार आहेत."

"कुठे?"

"स्टेल्व्हिओला. तू जिना झाड, मी गाडी चालवते. त्यांचं वजन विचारलं नाहीये, तुझ्या तक्त्यात जागा सोड."

गेबहार्टरावांना वाटलं ती चिडवतेय. शनिवारी सकाळपर्यंत त्यांना तसंच वाटत राहिलं. मग हेगेलेबाई पिशवी, छत्री आणि ब्रेत्सेल पावांची पुडी घेऊन खाली आल्या. "काय हो शायब्ले," त्या म्हणाल्या, "तळघराचा कोपरा राहतो नेहमी. बॉयलरच्या मागे. तेवढं बघा."

"दुसरा गिअर—" गेबहार्टराव खिडकीशी वाकून रोसविताला म्हणाले.

"सरक, पाय चिरडेल."

तिने आमाली एका दमात उलटी बाहेर काढली. दुसरा गिअर बिनबोभाट पडला. फाइल मागच्या ओट्यावर होती, ती वळणावर घसरून खाली पडलेली त्यांना रस्त्यावरून दिसली आणि कोणी उचलली नाही.

ते चार दिवस गेबहार्टरावांनी जिना असा झाडला की पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बिट्झरांनी विचारलं, कोणी वारलं का. रोसविताचा फोन रोज यायचा, पण त्यात मजा नव्हती. ते तेलाचं तापमान विचारायचे, ती म्हणायची बघितलं नाही. ते विचारायचे आजचे मसूर कसे झाले, ती म्हणायची आम्ही बाहेर जेवलो.

मंगळवारी दुपारी फोन आला तेव्हा ते दुसऱ्या मजल्यावर होते. मागून वारा इतका येत होता की तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"गेबहार्ट, मी वर आहे. स्टेल्व्हिओ. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस."

"गाडी तापली?"

"बत्तिसाव्याला बंद पडली."

गेबहार्टरावांनी कठडा धरला. "मग?"

"मग काय. मागचे दोन इटालियन उतरले, एकाने धक्का मारला, दुसऱ्याने हेगेलेबाईंना जर्दाळू दिले. दहा मिनिटांत निघालो." ती हसत होती. "ऐक. हेगेलेबाईंची शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे तारीख आहे, आठ महिन्यांनी मिळालीय, ती चुकवणार नाहीत. गुरुवारी त्यांना ऑस्ट्रियात लांडेकला रेल्वेत बसवते. तू गुरुवारी सकाळी तिकडून निघ. त्यांची जागा रिकामी होतेय. पुढचे बावीस घाट तू नि मी."

 वरून रस्ता कसा दिसतो, हे गेबहार्टरावांना तिला विचारायचं होतं. विचारलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

"गुरुवारी कसं जमेल?" ते म्हणाले. "पाटी शनिवारी संध्याकाळपर्यंत आपल्या दारावर आहे."

"बुधवारी झाडून टाक. बिट्झरांना सांग पाटी पुढे लावायला."

"बुधवारी झाडलं तर शनिवारपर्यंत पुन्हा केर होणार. तू लांडेकला थांब ना. राखीव दिवस दोन आहेत, तिसरा काढता येईल."



"तीन दिवस रेल्वे स्टेशनासमोर?"

"रविवारी सकाळी मी नक्की निघतो. बहुतेक."

"ठीक आहे, गेबहार्ट," रोसविता म्हणाली. "मग मी पुढे जाते."

"एकटी?"

"हो."

ते तिच्या रागाची वाट पाहत उभे राहिले. राग त्यांना ओळखीचा होता. ती एक दिवस अबोला धरायची, दुसऱ्या दिवशी ताटली जरा जोरात ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी विचारायची, मग कधी जायचं. अकरा वर्षं ती तेच विचारत आली होती. पण ती रागावली नाही. उलट हळू आवाजात म्हणाली की फ्रिजमधलं बटाट्याचं सॅलड आजच संपव, उद्यापर्यंत टिकणार नाही. आणि रात्री खिडकी उघडी ठेवू नकोस, तुझी मान धरते. मग तिने फोन ठेवला.

गेबहार्टराव पायरीवर बसले. तिने विचारायचं सोडून दिलं होतं, हे त्यांना तिथे कळलं, आणि तिच्याविना येणारा सप्टेंबर पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आला. फोन उचलून 'येतो' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी फोन हातात घेतला, बराच वेळ धरला. तेवढ्यात खालचं दार वाजलं आणि बिट्झर बुटांना चिखल घेऊन वर येऊ लागले. गेबहार्टरावांनी फोन खिशात टाकला आणि झाडू उचलला.