अंबाडीचं सार आणि को पाइंगची समाधी

अंबाडीच्या साराचं पातेलं को पाइंगच्या कोपराने कलंडलं आणि उकळतं सार स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या न्योमावशीच्या पायावर सांडलं. अशा वेळी माणूस धावतो, निदान बोंबलतो तरी. को पाइंग मात्र जागच्या जागी उभा राहिला आणि मनाशी नोंद करू लागला, 'सांडलं... सांडलं... दिसतंय... दिसतंय...'

ब्रह्मदेशातल्या मौलमीनच्या त्या ध्यानकेंद्रात शिकवण हीच. जे घडेल त्याची मनात नोंद करायची, त्याच्यामागे वाहवत जायचं नाही. पाण्याच्या सणात अख्खं गाव एकमेकांना भिजवत रस्त्यावर असतं आणि पुण्याची ओढ असलेले इथे येऊन बसतात. को पाइंगला ती ओढ जरा जास्तच. बाकीचे झोपायला गेले तरी हा बसलेला, जेवणाची घंटा झाली तरी बसलेला. डोळे खोल गेले. त्याला वाटलं, आता पोचलोच आपण.

"पाइंग, नोंद झाली असेल तर पाणी आण," न्योमावशी म्हणाली.

पाणी आलं. घमेल्यात पाय बुडवून तिने हाताखालच्या बायकांना दुधी चिरायला बसवलं. दुपारी बारानंतर इथे कुणी घास घेत नाही, सार पुन्हा व्हायलाच हवं होतं.

एके काळी या बाईच्या तोंडाला मासळीबाजारही वचकून असे. नवरा समुद्रात बुडून गेला, ती इथे येऊन बसली आणि त्या बसण्यानेच उभी राहिली. आधी रडणं ओसरलं, मग जिभेची धार. आज भाजल्या पायानेही तिने शिवी हासडली नाही, याचं जुन्या बायकांना अजून अप्रूप वाटत होतं.

को पाइंग तिच्यापुढे उकिडवा बसला. शिवणकामाचं दुकान बायको तीदावर टाकून, सण संपला की येतो असं सांगून तो आला होता. आता त्याला पावसाळाभर राहायचं होतं.

"मावशी, सयाडो तुमचं ऐकतात. माझ्यासाठी एक शब्द टाका ना."

सयाडो म्हणजे केंद्राचे गुरू.

"बसायची चटक मलाही लागली होती रे," ती म्हणाली. "अंग हलकं, मन हलकं. आईकडे ठेवलेली माझी लेक एकदा फाटकाशी आली. गज धरून रडत होती. मी काय केलं? 'ऐकू येतंय, ऐकू येतंय' अशी नोंद केली आणि सावकाश पुढे गेले. वर वाटलं, काय माझी प्रगती!"

"मग?"

"सयाडोंनी बघितलं. त्याच दिवशी मला उठवून भात शिजवायला बसवलं. म्हणाले, भात करपला तर तुला वास येतो का, ते बघू."

"आला?"

"दोनदा करपला. तिसऱ्यांदा आला, आणि तशीच लेकीकडे गेले."

को पाइंग चाचरत म्हणाला, "म्हणजे ध्यान सुटलंच तुमचं."

"सुटतंय कसलं. रोज चूल पेटवायच्या आधी बसते. नाही बसले तर या बायकांना विचार, दिवसभर काय ऐकून घ्यावं लागतं ते."

दुधी चिरणाऱ्या बायकांनी एकदम माना डोलावल्या.

"मावशी, सरळ सांगा, मी राहू की जाऊ?"

"ते तीदाला विचार, मला सार करायचंय."