मूलपेशींच्या सभेचे अध्यक्ष

मानवी मेंदू हे निसर्गाने माणसापुढे टाकलेलं सर्वात गहन कोडं आहे. आमच्या अर्जुनीच्या वाचनालयात ते एका शनिवारी चारनंतर उलगडायचं ठरलं, कारण चारपर्यंत हॉलमध्ये शिवणक्लास असतो.

वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी आहे. आमच्याकडे पुस्तकं बेताची आणि सत्काराच्या शाली भरपूर. इथंच शाळा शिकून पुढे मोठ्या प्रयोगशाळेत गेलेल्या एक संशोधिका सुट्टीत आल्या होत्या. मेंदूतल्या गाठी सुरू कशा होतात, हा त्यांचा विषय. त्यांना शाल द्यायची हे आधी ठरलं, व्याख्यान नंतर सुचलं.

सुचलं ते माझ्या वहिनीला. नवेगाव बांध या गावी दादाची धानाची शेती आहे. मागच्या वर्षी नागपुरात त्याच्या मेंदूतली गाठ काढली. तपासणीत गाठीतली काही जनुकं बदललेली निघाली, आणि ही बातमी दादाच्या आधी गावात पोचली. पुतणीचं लग्न जवळपास जमलं होतं. मुलाच्या वडिलांचा निरोप आला, "थांबा जरा. बिमारी खानदानी दिसून राहिली."

डॉक्टरांनी वहिनीला तेव्हाच सांगितलं होतं की रक्तही तपासलंय, बदल फक्त गाठीत आहे, पोरांना भीती नाही. पण ते दार लावून, हळू आवाजात सांगितलेलं. आमच्याकडे असं सांगितलेलं कुणी धरत नाही. माइकवर सांगितलेलं धरतात.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "मुलाच्या बापाले अध्यक्ष करा."

"कायले? तो तर सभेत झोपते."

"झोपू द्या न! अध्यक्षाले मधातून उठून जाता येत नाही. आन शेवटी पाहुण्यानं जे सांगतलं, त्याले हो म्हणाच लागते. नाही म्हणणारा अध्यक्ष पाहला का तुमी कधी?"

मी आठवून पाहिलं. आमचे अध्यक्ष आजवर धूमकेतूपासून हुंडाबंदीपर्यंत सगळ्यांशी सहमत झाले होते. हुंडा घेतलेलेसुद्धा.

शनिवारी मुलाच्या वडिलांना अध्यक्षांच्या खुर्चीत बसवलं. समई लावण्यासाठी पंखे बंद केले, ते सुरू करायचं कुणाला सुचलं नाही. स्वागतगीत झालं. मग पाहुण्यांचा परिचय झाला, त्यातला बराचसा भाग पाहुण्यांनाही नवा होता. व्यासपीठावरच्या प्रत्येकाने "मी फार वेळ घेणार नाही" असं म्हणून तो घेतला. शाल, श्रीफळ, फोटो, फोटोग्राफरला नीट न आल्याने पुन्हा शाल. उरलेल्या वेळात मेंदू.

बाई मात्र इथल्याच होत्या. त्यांनी पडद्यावरची चित्रं गुंडाळून ठेवली आणि सरळ धानाच्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, उतरल्या.

"रोवणी झाल्यावर बांधीच्या कोपऱ्यात थोडे पऱ्हे राखून ठेवता ना, कुठं रोप मेलं तर लावायला? मेंदूतही तशा थोड्या मूलपेशी राखलेल्या असतात. त्यांना 'वाढ' म्हणून निरोप येतो, 'थांब' म्हणूनही येतो. तलावाचं पाणी पाटानं येतं आणि दार लावलं की थांबतं, तसंच. आता एखाद्या बांधीचं दार उघडंच अडकलं, तर? काही गाठी अशाच सुरू होत असाव्यात, असं आम्हाला दिसतंय. एका पेशीतली जनुकं बदलतात आणि 'थांब' म्हटलेलं तिला कळेनासं होतं."

वहिनी उठली. शेजारी दादा, टाक्यांच्या खुणेवर टोपी ओढून, आपला काही संबंध नसल्यासारखा बसलेला.

"म्याडम, मंग हे लेकराईले जाते का?"

"रक्त तपासलं होतं?"

"तपासलं. रक्तात काही नाही. फक्त गाठीत."

"मग नाही जात. बिघाड त्या एका बांधीत झाला, घरच्या कोठीतलं बियाणं चांगलंच आहे. थोड्या घराण्यांत दोष जन्मापासून रक्तात असतो, म्हणून तर तपासतात. तुमच्याकडे तो नाही."

वहिनीने विजयाने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांचे डोळे मिटलेले होते आणि हनुवटी हारात रुतली होती. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

तेवढ्यात सूत्रसंचालकाने अध्यक्षीय भाषण पुकारलं. स्वतःचं नाव मात्र अध्यक्षांना कसल्याही झोपेत ऐकू येतं. ते दचकून शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्याकडे वाकले.

"काय सांगतलं गा बाईनं?"

"बिमारी खानदानी नाही म्हणते."

ते उठले, हार सारखा केला आणि माइक हातात घेतला.

"आमच्या वाडवडिलांनी या मुलखात तलाव बांधले. आमच्या तलावाचं दार आजपर्यंत कधी अडकलं नाही!" टाळ्या. बाई पाणी प्यायल्या. "आन आज विज्ञान काय सांगून राहिलं? जे मी पहिल्यापासून सांगून राहिलो, तेच! ही बिमारी खानदानी नाही!"

वहिनीच्या टाळ्या सगळ्यात मोठ्या होत्या. त्या ओसरल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "मंग भाऊ, लग्न काऊन थांबवलं?"

अध्यक्षांनी घसा साफ केला.

"कोणं थांबवलं? आमी तर मुहूर्त पाहून राहिलो होतो."

एवढ्या लोकांसमोर म्हटल्यावर पाहणं भागच पडलं. दुसऱ्याच आठवड्यात धानकापणीनंतरचा मुहूर्त निघाला. नेमका लग्नाच्याच दिवशी नागपुरात दादाचा पुढचा एमआरआय होता. मुहूर्त बदलता येत नव्हता, म्हणून एमआरआय पुढे ढकलला.